रंभाजीच्या पायाचं पाणी

फार वर्षं झाली. किती, ते कोणालाच सांगता येत नाही, कारण ज्यांना मोजता येत होतं ते त्याच साथीत गेले. काटेवळण नावाचं एक गाव होतं आणि त्याच्या पूर्वेला वेळूखेड. मधे ओढा, ओढ्याकाठी दोन्ही गावांची शीव, आणि शिवेवर एका रेषेत पुरलेले धोंडे. एरवी त्या धोंड्यांना गुरं पाठ घासायची. साथ आली की तिथे माणसं मरायची, साथीनं कमी आणि दगडांनी जास्त, असं म्हणतात.

साथ म्हणजे पटकी. गावात तिला नावानं हाक मारत नसत, मरी म्हणायचे, तेही दबक्या आवाजात. सकाळी माणूस भाकरी बांधून शेतावर जायचा. दुपारी बांधावर उलट्या आणि जुलाब. दिवस कलायच्या आत तो इतका आत ओढला जायचा की त्याची बायकोसुद्धा क्षणभर विचारात पडायची, हा आपलाच का. मग दारं लागायची. चुली विझायच्या. गल्लीतून फक्त कुत्री फिरायची, आणि तीही भुंकायची नाहीत.

मरीआई कोपली की तिला गावाबाहेर पोचवायची, ही रीत. दोन हात लांबीचा लाकडी गाडा करायचा. त्यात देवी बसवायची, हिरवा खण, बांगड्या, लिंबं, पेटतं धुपाटणं, नवं मडकं, आणि घराघरातून आणलेले मूठभर तांदूळ आणि मिठाचे खडे. ढोल वाजवत गाडा ओढत न्यायचा आणि शिवेपार सोडून यायचा. म्हणजे मरी पुढच्या गावाची. पुढच्या गावानं काय करायचं? त्यानं त्याच्या पुढच्या गावाला द्यायची. काटेवळण पूर्वेला ढकलायचं आणि वेळूखेड पश्चिमेला. का, असं कोणी विचारलं तर म्हातारे म्हणायचे, आमच्या आज्यानं इकडंच ढकलली. एवढंच. आज्यानं ढकलली, या एका कारणावर दोन्ही गावांनी एकमेकांची डोकी फोडली आणि त्याला धर्म म्हटलं.

गाड्याचा एक नियम मात्र दोन्हीकडे सारखा होता. दोर ज्याच्या हातात, त्याला त्याच्या गावानं शिवायचं नाही, दगडही मारायचा नाही. तेवढा वेळ मरी त्याच्या मागे चालत असते.

काटेवळणात हा दोर ओढायचा रंभाजी. साठीचा, रुंद खांद्याचा, कमी बोलणारा. तीन साथींत त्यानं तीनदा गाडा शिवेपार नेला होता. दुसऱ्या खेपेला वेळूखेडच्या गोफणीतला दगड त्याच्या कपाळावर बसला, रक्तानं डोळे भरले, तरी त्यानं दोर सोडला नाही. त्या जखमेची खूण कपाळावर राहिली. काटेवळणात म्हणायचे, देवीनं कुंकू लावलंय. वेळूखेडात म्हणायचे, चोराला डाग दिलाय. खूण तीच, कपाळ तेच. काटेवळणात कोणाची म्हैस व्यायली तरी रंभाजीच्या पायगुणानं, आणि रंभाजीच्या हातून काही बिघडलं, तर ते बिघडलेलंच नव्हतं. तो दगड कपाळाला लागताच फूल झाला, असंही म्हणतात. म्हणणारे त्या दिवशी घरात कणगीमागे बसलेले होते.

रंभाजी वाईट होता असं नाही. अडल्यानडल्याला धान्य द्यायचा. सुनेला कधी टाकून बोलला नाही. तसं म्हटलं तर साऱ्या गावात तिला नावानं हाक मारणारा तोच एक होता. बाकी सगळे तिला वेळूखेडची म्हणायचे.

सुनेचं नाव केवळा. वेळूखेडची केवळा रंभाजीच्या लेकाला, खंडूला दिली, तेव्हा दोन साथींच्या मधला काळ होता आणि दोन्ही गावांना वाटत होतं की आता सगळं संपलं. दहा वर्षं ती या गावात नांदली. तिच्या हातच्या भाकरी गावानं खाल्ल्या, तिनं बाळंतपणं काढली, मयतीला रडली. तिला सहा वर्षांची मुलगी होती, मंजुळा. पण साथीची पहिली बातमी आली की तिच्याशी बोलता बोलता बायका गप्प व्हायच्या. ती पाणवठ्यावर आली की घागरी बाजूला सरकायच्या.

मरी कशी दिसते ते केवळाला या गावातल्या कोणापेक्षाही जास्त माहीत होतं. लहानपणी माहेरात तिची आई आणि दोन भाऊ एकाच आठवड्यात गेले होते, आणि उशाशी तीच बसलेली होती. डोळे कसे खोल जातात, पोटऱ्यांत गोळे कसे येतात, बोटं धुणं धुतल्यासारखी कशी सुरकुततात, आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा कसा होतो, सगळं तिनं पाहिलं होतं. हाताच्या पाठीला चिमटा काढला की कातडी उभीच राहते, परत बसत नाही, हेही. आईनं मरता मरता तिला एकच सांगितलं होतं, "माझ्या तांब्यातलं पिऊ नगंस. माझ्या हाताचं काय खाऊ नगंस. पानी उकळून पी." ती प्याली नाही आणि ती जगली. एवढंच तिचं ज्ञान. त्यात देवाचं काही नव्हतं.

तर त्या वर्षी काटेवळणात पंधरा दिवसांत सात माणसं गेली. आठव्याची वाट बघत गाव दारं लावून बसलं होतं, तेव्हा वेळूखेडकडून लिंबा कासार बांगड्या विकत आला आणि वेशीजवळच्या चिंचेखाली कोसळला. गावानं त्याला फटीतून पाहिलं. पोटऱ्या धरून लोळत होता, डोळे खोबणीत गेलेले, पाणी पाणी करत होता पण आवाज फुटत नव्हता. गावाला ओळखायला क्षणही लागला नाही. "मरी! वेळूखेडनं मरी धाडली!" दारं उघडली, दगड आले. ज्यांच्या हातात बांगड्या भरायला तो वीस वर्षं येत होता, त्या हातांनीही दगड उचलले.

रंभाजीनं सगळ्यांना थांबवलं. दया आली म्हणून नव्हे. गावात मेला तर मरी इथेच राहील म्हणून. त्यानं लिंबाला घोंगड्यावर घेतलं, घोंगड्याचं टोक धरून एकट्यानं शिवेपर्यंत ओढत नेलं आणि धोंड्यांपलीकडे ठेवलं. केवळा पाण्याचा तांब्या घेऊन मागे निघाली होती. खंडूनं तिचा दंड धरून तिला परत आणलं. दुसऱ्या दिवशी शिवेवर घारी फिरत होत्या. गाव म्हणालं, बघा, रंभाजीआबानं मरीला फरफटत नेलं.

गाडा मंगळवारी न्यायचं ठरलं.

मंगळवारी उजाडता उजाडता केवळा शेण काढायला गोठ्यात गेली, तर गव्हाणीला टेकून रंभाजी बसलेला. आधी तिला वाटलं कोणी परकाच माणूस शिरलाय. मग त्यानं डोळे उघडले.

"मामंजी, हात बघू."

त्यानं हात पुढे केला नाही. तिनंच धरला. थंडगार होता. सुनेनं सासऱ्याच्या हाताला असा हात लावायची रीत नव्हती. तिनं चिमटा काढला. कातडी उभी राहिली ती राहिलीच. केवळा तिथेच शेणात बसली.

"कधीपास्नं?"

"पाटंपास्नं. मोजलं न्हाई."

"तुमी पडून ऱ्हावा. मी पेज लावते, मीठ घालून देते. गाडा दुसरं कोनी वढंल."

रंभाजी हसला. त्या चेहऱ्यावर हसू बघवत नव्हतं. "पडू म्हन्तीस? लिंबाचं घोंगडं अजून शिवंवर पडलंय, सुनबाई. त्याच्यावरच घालतील मला."

"तुमाला? तुमाला न्हाई तसं करायचे. तुमी रंभाजी हाय."

"रंभाजी आजारी पडत न्हाई. जो पडला त्यो रंभाजी न्हवं." तो उठायला लागला, गव्हाणीला धरून, एक एक हाड गोळा करत. "गाडा शिवंपार जाऊ दे. मग काय व्हायचं ते व्हईल. कुनाला बोलू नगं."

तिला आयुष्यभर एक वाटत राहिलं, असं म्हणतात, की तेव्हाच आरडाओरडा करायला हवा होता. पण तिनं केला नाही. कारण तिलाही भीती वाटली. त्याला घोंगड्यावर ओढत नेतील याची भीती आणि आपल्याला त्याच्या मागोमाग नेतील याची. ती गप्प बसली, आणि रंभाजी पांढरं धोतर नेसून वेशीकडे गेला.

वेशीत सारं गाव जमलं होतं. गाडा सजलेला, ढोल तापवलेले. रंभाजी गाड्यापाशी पोचला आणि त्याच्या पोटऱ्यांत गोळा आला. तो वाकला. थरथरायला लागला. मान एकीकडून दुसरीकडे पडायला लागली.

सटवा भगत गावातला सगळ्यात म्हातारा माणूस होता आणि देवीच्या सगळ्या खाणाखुणा आपल्याला कळतात असं त्याचं म्हणणं होतं. तो ओरडला, "आली! आई आली! आबाच्या अंगात आई आली!"

झालं. ढोलांचा आवाज दुप्पट झाला. बायकांनी पदर पसरले. रंभाजीनं काही बोलायला तोंड उघडलं, खरखरीत कुजबुज तेवढी आली. गाव म्हणालं, देवीचा आवाज माणसाच्या घशात मावत नाही. त्याचे डोळे खोल गेले होते. गाव म्हणालं, आई आतून बघतीय. तो भडभडून ओकला, पांढरं पाणी, तांदळाच्या धुवणासारखं. गाव एक पाऊल मागे सरलं, आणि क्षणभर, एकच क्षणभर, केवळाला वाटलं की आता ओळखतील. परवाच तर पाहिलंय सगळ्यांनी.

"गावाचं इख आबानं ओकून टाकलं!" सटवा भगत म्हणाला, आणि सगळं गाव गुडघ्यांवर आलं.

मग त्यांनी त्याला पाटावर बसवलं. तांब्याचं मोठं घंगाळ आणलं. त्याचे पाय धुतले, धोतराचं ओलं टोक त्याच पाण्यात पिळलं, हात त्यातच धुतले. देवी अंगात असलेल्या माणसाच्या पायाचं पाणी, म्हणजे तीर्थ. ते पोटात गेलं की मरी शिवत नाही, असं म्हणतात. सटवानं पळी हातात घेतली. "आदी लेकरं! लेकरांस्नी फुडं घ्या!"

आणि रांग लागली. आयांनी आपापली पोरं पुढे ढकलली. चाळीस-पन्नास पोरं, कोणी कडेवर, कोणी हाताशी, सगळ्यांच्या ओंजळी आधीच तयार. केवळानं मंजुळेला शोधलं. ती मागे कुठेतरी असेल असं तिला वाटत होतं. ती सगळ्यांत पुढे होती. खंडूनं तिला खांद्यावर घेतलं होतं आणि त्याची छाती फुगली होती.

"आबाची नात पयली!" कोणीतरी म्हणालं.

केवळा किंचाळली. "ही आई न्हाई! ही पटकी हाय! डोळं बघा त्यांचं, हात बघा!"

ढोल थांबले. सटवानं तिच्याकडे पोरकट बडबड ऐकल्यासारखं पाहिलं. "त्येज हाय ते देवीचं."

"परवा लिंबा कासाराचं डोळं असंच व्हतं की! असाच वकत व्हता, अशाच पोटऱ्या धरत व्हता. तवा दगडं कशी उचलली तुमी?"

"लिंबा वेळूखेडचा व्हता," सटवा म्हणाला.

सूर्य पूर्वेला उगवतो हे जसं सांगावं तसं त्यानं ते सांगितलं. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. पांढऱ्या केसांच्या, नातवंडं झालेल्या, पावसाळे मोजणाऱ्या सगळ्या शहाण्या माणसांनी.

"गाडा हिच्या माहेरात जाणार," मागून एक म्हातारी म्हणाली, "पोटात दुखायचंच की बाईच्या!" आणि लोक हसले. मरीच्या तोंडात उभे होते आणि हसले.

"अवं, तुमी तरी ऐका," केवळा खंडूला म्हणाली. "तुमच्या बापाला सकाळी गोठ्यात बघितलंय मी. पोरीला खाली ठेवा."

खंडूनं बापाकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, असं केवळाला दिसलं. मग त्यानं सभोवती पाहिलं. सगळं गाव त्याच्याकडे बघत होतं. "धरा रे हिला," तो म्हणाला. दोन बायकांनी तिचे हात पाठीमागे आवळले.

आता एकच माणूस राहिला होता. केवळानं रंभाजीकडे पाहिलं. आणि रंभाजीला सगळं ऐकू येत होतं. त्यानं घंगाळ पाहिलं, रांग पाहिली, खांद्यावरची नात पाहिली. त्यानं मान हलवली, नाही, नाही. लोक म्हणाले, आई डुलतीय. तो बोलायला गेला, आवाज निघाला नाही. शेवटी त्यानं सगळा जीव एकवटून उजवा हात वर केला, पंजा उघडून, थांबा म्हणायला.

सारं गाव त्या हाताखाली वाकलं. "आशीर्वाद दिला! आबानं आशीर्वाद दिला!"

हात तसाच वर राहिला. रंभाजीच्या डोळ्यांत त्या वेळी जी भीती होती ती फक्त केवळानं पाहिली. मरणाची भीती तिला ओळखीची होती. ही वेगळी होती. आपल्यासमोर सगळं गाव उभं आहे आणि त्यातल्या एकालाही आपण दिसत नाही, हे कळलेल्या माणसाची ती भीती होती.

सटवानं पळी बुडवली आणि मंजुळेच्या ओंजळीत पाणी ओतलं.

केवळा सगळं अंग पिळून ओढत होती, पण हात सुटत नव्हते. मधे पन्नास माणसं होती. तिच्यापाशी आवाज तेवढा होता.

"मंजेऽऽ! वंजळ सोड!"

पोरीनं आईकडे पाहिलं. ओंजळ ओठांपाशी आली होती. बाप म्हणत होता, पी, पी. आजा समोर बसला होता, हात वर करून. सहा वर्षांची पोर. तिनं काय विचार केला असेल, कोण जाणे. सगळ्या गावात कोणाचं ऐकायचं हे तिला एकटीला ठरवायचं होतं, आणि तिला कोणी वेळ देत नव्हतं.

तिनं बोटं उघडली. पाणी खंडूच्या छातीवरून खाली गेलं.

हात धरणाऱ्या बायकांची पकड त्या धक्क्यानं सैल पडली, तेवढ्यात केवळा सुटली आणि माणसांतून वाट काढत घंगाळापाशी पोचली. तिनं ते दोन्ही हातांनी धरलं आणि उलटं केलं. तीर्थ मातीत गेलं. तांब्याचा तो आवाज वेळूखेडपर्यंत ऐकू गेला, असं म्हणतात. पोरं भेदरली. एक रडलं, मग सगळी रडली, आणि आयांचे हात झिडकारून घराकडे पळाली. दारांमागे, कणग्यांमागे, माळ्यावर, जिथे जागा मिळेल तिथे लपली.

मग मोठ्यांनी दगड उचलले.

केवळानं खंडूच्या खांद्यावरून मंजुळेला ओढून कडेवर घेतलं. पळायला वाट नव्हती. गाडा मात्र हातभर अंतरावर होता. तिनं दोर उचलला.

दगड हातांतच राहिले. दोर जिच्या हातात तिला शिवायचं नाही. शिवलं तर मरी त्याची. तिच्या हातून एवढा मोठा देवद्रोह झाला होता तरी एकही माणूस पुढे आला नाही, इतके ते सगळे देवभोळे होते, किंवा इतके भित्रे. दोन्हींत फारसा फरक नाही. केवळा गाडा ओढत निघाली आणि गाव दोन्ही बाजूंना दुभंगलं.

मागे सटवा भगत म्हणत होता, "घंगाळ भरा पुन्यांदा. आबा बसलाय अजून."

ओढ्याच्या अलीकडे धोंड्यांपाशी ती पोचली तेव्हा दुपार झाली होती. निम्मं काटेवळण दगड हातात धरून लांबून मागे आलं होतं. पलीकडे वेळूखेडचे लोक गोफणी घेऊन उभे. पुढे गोंदा, तिचा सख्खा चुलता. त्यानं तिला ओळखलं. "अरं थांबा, आपली केवळी हाय! आपली पोर हाय ती!" गोफणी खाली आल्या. मग त्याची नजर दोराकडे गेली. "केवळे, दोर टाक अन् ये. गाडा लोट माघारी."

"माघारी पोरं हायती, काका."

"असूंदे. त्यांची हायती."

"लिंबा कासार कुठं हाय?"

गोंदानं नजर ओढ्याकडे वळवली. मग म्हणाला, "त्याला त्यांनी इटाळलं व्हतं. आमी गावात कसा घेनार?"

म्हणजे लिंबाला इकडच्यांनी टाकला आणि तिकडच्यांनी उचलला नाही. घोंगडं ओढ्याकाठी तसंच पडलं होतं. केवळानं तिकडे एकदाच पाहिलं. मंजुळेचं डोकं तिनं आपल्या मानेत दाबून धरलं होतं. मागे एक गाव उभं होतं आणि पुढे एक, दोन्हींच्या हातात दगड, आणि दोन्ही तिची होती म्हणे. तिनं मंजुळेला कडेवरून उतरवलं. ती खाली बसली.

मग तिनं जे केलं ते पाहून दोन्ही गावांनी डोळे झाकले. तिनं देवीला दोन्ही हातांनी उचललं आणि शिवेच्या धोंड्यावर बसवलं. "किती जन्म झालं तुला ढकलायला लागल्यात, आई," ती म्हणाली. "बस जरा." मग तिनं गाड्यावरचं मडकं, तांदूळ, मीठ उतरवलं. आणि दगड घेऊन गाडा फोडला. चाकं, दांडी, फळ्या, सगळं रचलं, धुपाटण्यातले निखारे त्यावर ओतले आणि ओढ्याचं पाणी मडक्यात भरून वर ठेवलं.

मरीचा गाडा जळाला. धूर सरळ वर गेला, पूर्वेलाही झुकला नाही आणि पश्चिमेलाही, असं म्हणतात. माणसं मात्र दोन्हीकडची पळाली.

रंभाजी त्याच दुपारी पाटावर बसल्या बसल्या गेला. गाव म्हणालं, समाधी घेतली. पण त्याआधी घंगाळ पुन्हा भरलं होतं. पोरं लपून बसली होती, म्हणून मोठी माणसं प्याली. सटवानं पहिली पळी घेतली. खंडूनं दुसरी. ज्यांना ज्यांना आपण गावाचे खांब वाटत होतो त्या सगळ्यांनी ओळीनं घेतली.

बुधवारी काही झालं नाही. गुरुवारी सटवा भगताला गोळे आले.

त्याच्या अंगात देवी आली, असं कोणी म्हणालं नाही.

शुक्रवारपासून काटेवळणातून घोंगडी ओढली जायला लागली. माणसं आजाऱ्याला शिवेवर टाकायची आणि मागे न बघता पळायची. वेळूखेडातूनही तेच चालू झालं होतं. केवळानं कोणाला गाव विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती, सगळे सारखेच दिसत होते. ती ओढ्याचं पाणी उकळायची, तांदळाची पातळ पेज करायची, मीठ घालायची आणि घोटघोट पाजायची. मंजुळा काटक्या गोळा करायची. पाणी उकळल्याशिवाय दोघींनी एक घोटही घेतला नाही. जळण संपलं नाही आणि एकवीस दिवस मडकं रिकामं झालं नाही, असं म्हणतात. हे खोटं आहे. मडकं रोज रिकामं व्हायचं. दुसऱ्या दिवशी धोंड्यांपाशी कोणीतरी गुपचूप तांदूळ आणि मीठ ठेवून गेलेलं असायचं, दोन्ही बाजूंनी. तिच्याकडे आलेले सगळे वाचले, असंही म्हणतात. तेही खोटं. निम्मे वाचले. निम्म्यांना तिनं एकटीनं पुरलं.

चौथ्या दिवशी एका घोंगड्यावर खंडू आला. डोळे खोल गेलेले, आवाज नाही. ज्यांनी त्याला ओढून आणला ते परवापर्यंत त्याला आबाचा लेक म्हणून वाकत होते. त्यानं केवळाला ओळखलं आणि ओठ हलवले. ती कान जवळ घेऊन गेली.

"मला दिसलं व्हतं," तो म्हणाला. "वेशीतच दिसलं व्हतं. पर सगळी म्हनत व्हती, आई आली."

केवळानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. "त्वांड उघडा," ती म्हणाली. "पेज हाय."

खंडू वाचला. पण गावात परत गेला नाही. तिघं शिवेवरच झोपडी बांधून राहिली. साथ सरली. काटेवळणात त्या वर्षी तरणीताठी कमी आणि म्हातारी जास्त गेली, आणि पोरं जवळजवळ सगळी वाचली. उरलेल्या म्हाताऱ्यांनी पारावर बसून त्याचा अर्थ लावला. आबानं हात वर करून पोरांना आशीर्वाद दिला, म्हणून पोरं वाचली. आणि तीर्थ सांडलं, म्हणून बाकीचे गेले. केवळाला ते चेटकीण म्हणायला लागले. वेळूखेडवाले पण म्हणायला लागले, कारण ती काटेवळणाची सून होती. ज्यांना तिनं स्वतःच्या हातानं पेज पाजली होती तेही म्हणायचे, फक्त जरा हळू आवाजात.

मग ती म्हातारी होऊन मेली, आणि मेली त्याच दिवशी ती देवी झाली. काटेवळण म्हणालं, आमची सून, देऊळ आमच्या हद्दीत बांधायचं. वेळूखेड म्हणालं, आमची लेक, आमच्या हद्दीत. जिवंत होती तेव्हा दोघांनाही नको होती. त्यावरून शिवेवर पुन्हा दगड आले, तीन डोकी फुटली, आणि देऊळ आजतागायत झालं नाही.

रंभाजीचं मात्र झालं. वेशीत आहे. पितळी मुखवटा आहे, कपाळावर कुंकवाची खूण आहे, आणि मूर्तीचा उजवा हात वर आहे, पंजा उघडा. लोक त्याखाली वाकतात. दरवर्षी आषाढातल्या मंगळवारी तिथे ढोल वाजतात, मूर्तीचे पाय धुतात आणि ते पाणी तांब्याच्या घंगाळातून वाटतात. पुरुष पितात, डोळ्यांना लावतात, ओला हात केसांवरून फिरवतात.

बायकाही रांगेत येतात. काटेवळणच्या येतात, वेळूखेडच्याही येतात. लहान पोरी त्यांच्या पुढ्यात असतात. पळीतलं पाणी ओंजळीत पडतं, ओंजळ ओठांपर्यंत जाते, आणि तिथे बोटं उघडतात. एकही बाई पीत नाही. सगळं पाणी खाली जातं. याला त्या केवळाची ओंजळ म्हणतात. पोरींना ती चालायला लागल्यापासून शिकवतात, ओव्या शिकवायच्या आधी. नवी सून आली की पहिल्या वर्षी तिच्या कानात सांगतात, आणि दुसऱ्या वर्षी सांगावं लागत नाही.

देवळासमोरची माती त्या दिवशी पार चिखल होते. पाऊस नसला तरी होते. पुजाऱ्याचे पाय त्यात रुततात. पारावरचे म्हातारे ते बघतात, मग एकमेकांकडे बघतात, आणि ढोलवाल्याला सांगतात, जरा जोरात वाजव.